स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांमधली भिंत: एका नूतनीकरणाचे प्रकरण

पार्श्वभूमी

घर सुमारे चाळीस वर्षांपूर्वी बांधलेले होते: तळमजला आणि वर एक मजला, विटांच्या भारवाही भिंती आणि त्यांवर टेकलेले काँक्रीटचे स्लॅब. राहणारी माणसे पाच: चाळिशीतले पती-पत्नी, त्यांची शिकणारी दोन मुले आणि पतीची आई. आठवड्यातले काही दिवस पती घरूनच काम करत. आईंची खोली तळमजल्यावर, बैठकीच्या खोलीला लागून होती. पैशांची सोय निम्मी बचतीतून आणि निम्मी कर्जातून झाली होती, त्यामुळे खर्चाची वरची मर्यादा पक्की होती आणि ती पहिल्याच भेटीत सांगितली गेली.

वास्तुविशारद अनुभवी होते. त्यांची स्वतःची आवडही परिचितांना ठाऊक होती: उघड्या विटांचे पृष्ठभाग, रंग न दिलेले लाकूड, कमी वस्तू, कमी चकाकी. मालकांनी त्यांची निवड त्यांचे एक पूर्ण झालेले घर पाहूनच केली होती. पुढे झालेले मतभेद पाहता ही गोष्ट महत्त्वाची ठरते, कारण त्या घराचे कौतुक करणाऱ्यांना तसेच घर हवे आहे असे वास्तुविशारदांनी गृहीत धरले, आणि ज्याने ते इतके नीटनेटके केले तो आपल्या मनासारखेही करून देईल असे मालकांनी.

मतभेद बरेच वाढल्यावर त्रयस्थ म्हणून मत देण्यासाठी मला बोलावण्यात आले. पुढील वृत्तांत दोन्ही बाजूंचे आराखडे, पत्रव्यवहार आणि प्रत्यक्ष पाहणी यांवर आधारलेला असून, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

अडचण

मालकांनी दिलेल्या छायाचित्रांच्या संचात बहुतेक चित्रे एकाच धर्तीची होती: स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांमध्ये भिंत नाही, मध्यभागी चारही बाजूंनी मोकळा ओटा, छतापर्यंत पांढरी चकचकीत कपाटे, मागे मोठी काच. त्यांची पहिली लेखी मागणीही तितकीच थेट होती, आणि ती म्हणजे मधली भिंत काढावी. वास्तुविशारदांनी आणलेल्या पहिल्या आराखड्यात भिंत जशीच्या तशी होती. बैठकीच्या खोलीतल्या एका भिंतीचा गिलावा काढून विटा उघड्या ठेवायच्या होत्या, आणि खर्चाचा मोठा हिस्सा ओल थांबवणे, विजेची जोडणी बदलणे आणि खिडक्या मोठ्या करणे यांवर दाखवला होता.

त्या आराखड्यावर मालकीणबाईंनी एकच वाक्य लिहून पाठवले: ‘हे घर तुम्हाला आवडेल असे झाले आहे.’ वास्तुविशारदांच्या उत्तराचा रोख असा, की छायाचित्रात राहता येत नाही. दोन्ही वाक्यांत तथ्य होते आणि दोन्हींमुळे काम तेथेच थांबले.

चित्रांतली घरे आणि हे घर यांमधला एक मूलभूत फरक तोपर्यंत कोणी मालकांना उलगडून सांगितला नव्हता. स्विस-फ्रेंच वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांनी १९१४ मध्ये मांडलेल्या डॉम-इनो सांगाड्यात भार खांबांवर आणि स्लॅबवर येतो, म्हणून आतल्या भिंती हव्या तेथे घेता किंवा अजिबात वगळता येतात. आज मासिकांत दिसणारी बहुतेक मोकळी दालने याच तत्त्वावर उभी असतात. भारवाही भिंतींच्या घरात मात्र प्रत्येक भिंतीवर कशाचा तरी भार असण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. मालक मागत होते ती सुधारणा चित्रातल्या घरात आराखड्यातली एक रेघ खोडण्याइतकी सोपी, आणि या घरात इमारतीच्या मणक्याला हात घालणारी होती. वास्तुविशारदांना हे अर्थातच ठाऊक होते. परंतु त्यांनी भिंत ठेवण्यामागे खोलीचे प्रमाण आणि जुन्या रचनेचा मान अशी कारणे दिली, आणि भाराचा उल्लेख केवळ ओझरता केला. त्यामुळे तांत्रिक अडचण मालकांना आवडीनिवडीचा हट्ट वाटली. त्यातच ठेकेदाराने परस्पर सांगितले, की गर्डर टाकून भिंत सहज काढता येईल.

भिंतीची तपासणी

पहिला निर्णय असा झाला, की आवडीची चर्चा थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून भिंत तपासून घ्यावी. भिंतीवर टकटक करून येणाऱ्या आवाजावरून ती भार पेलते की नाही हे ठरवता येत नाही. त्यासाठी गिलावा काढून स्लॅब कोठे टेकला आहे ते पाहावे लागते, वरच्या मजल्याच्या भिंतींची जागा जुळवून पाहावी लागते आणि शक्य असेल तर पायाही उघडून पाहावा लागतो. येथे भिंत सुमारे २३० मिलिमीटर जाडीची आणि ४.२ मीटर लांबीची निघाली. दोन्ही बाजूंचे स्लॅब तिच्यावर टेकलेले होते आणि वरच्या शयनकक्षाची भिंत नेमकी तिच्या डोक्यावर उभी होती.

इंजिनिअरांनी मालकांना समजावलेला मुद्दा पुढच्या साऱ्या निर्णयांना उपयोगी पडला. भिंत आपला भार पायाच्या संपूर्ण लांबीवर पसरवते, तर तिच्या जागी गर्डर टाकला की तोच भार दोन टोकांवर एकवटतो. म्हणजे केवळ गर्डर पुरत नाही: टोकांना खांब किंवा मजबूत टेकण, त्याखाली काँक्रीटचा ठोकळा आणि बहुधा नवा पाया लागतो. ठेकेदाराचे बोलणे खोटे नव्हते, अपुरे होते.

कोणाला काय हवे होते

दुसरा टप्पा मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मी अशी सूचना केली, की घरातल्या पाचही जणांनी, एकमेकांशी न बोलता, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आपण कोणत्या वेळी घरात कोठे असतो आणि तेथे काय खटकते एवढेच लिहावे. कोणत्याही वस्तूचे, कपाटाचे किंवा भिंतीचे नाव त्यात घेऊ नये.

हाती आलेल्या कागदांत मोकळ्या ओट्याची गरज सुचवणारे जवळजवळ काही नव्हते. बैठकीच्या खोलीचा मागचा भाग दिवसाही अंधारा असतो, ही तक्रार तिघांनी केली होती. स्वयंपाक करताना मुलांच्या अभ्यासावर लक्ष ठेवता येत नाही आणि सर्वांकडे पाठ करून उभे राहावे लागते, असे मालकीणबाईंनी लिहिले होते. पतींना कामाच्या बैठकांच्या वेळी मिक्सरचा आणि भांड्यांचा आवाज नको होता. थोरल्या मुलाला माणसांपासून दूर बसायला एक कोपरा हवा होता. आईंनी नातवाला सांगून लिहवून घेतलेल्या कागदावर दोनच गोष्टी होत्या: रात्री न्हाणीघरात घसरण्याची भीती, आणि दुपारी झोप लागण्यापुरती शांतता.

दिवसाचा सर्वाधिक वेळ आई घरात घालवत, आणि त्या क्षणापर्यंत त्यांचे मत कोणीच विचारलेले नव्हते. वास्तुविशारदांच्या टिपणांत ‘मालक’ असा एकवचनी उल्लेख सर्वत्र होता. घरांच्या बाबतीत हा उल्लेख बहुधा दिशाभूल करतो, कारण सही करणारा एक असतो आणि राहणारे अनेक, आणि त्यांच्या गरजा एकमेकींना छेद देतात. भिंत पूर्ण काढली असती तर एकीची तक्रार दूर झाली असती, परंतु पती आणि आई या दोघांची वाढली असती.

विचारात घेतलेले पर्याय

भिंत पूर्ण काढण्याच्या पर्यायात ४.२ मीटरचा पोलादी गर्डर, दोन्ही टोकांना खांब आणि घराच्या आत खणून घातलेले नवे पाये लागणार होते. त्या कामाचा अंदाज एकूण मर्यादेच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक आला. शिवाय गर्डर स्लॅबखाली ३०० मिलिमीटरच्या आसपास उतरणार असल्याने चित्रातले सलग छत मिळणारच नव्हते. मालकांचे मन येथे प्रथम डळमळले.

भिंत अबाधित ठेवण्याचा वास्तुविशारदांचा मूळ पर्याय सर्वांत स्वस्त होता, पण त्याने प्रकाशाचा प्रश्न अर्धाच सुटत होता आणि पाठमोरे उभे राहण्याचा मुळीच नाही. स्वयंपाकघरच मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत हलवावे, अशीही एक सूचना आली. सांडपाण्याच्या नळाला पुरेसा उतार देण्यासाठी त्या खोलीची फरशी बरीच उचलावी लागली असती, म्हणून ती लगेच मागे पडली.

चौथा पर्याय मधला होता. दोन्ही बाजूंना भिंतीचे भरभक्कम भाग ठेवून मध्ये १.८ मीटर रुंदीची वाट करावी, तिच्यावर पोलादी तुळई घालावी, आणि काचेचा सरकता पडदा बसवावा. वीटकामात उघड्या जागेवरचा भार कमानीसारखा बाजूला वळतो, या भरवशावर काही वेळा हलके लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी पट्टी) चालते. येथे मात्र स्लॅब अगदी जवळ टेकलेला असल्याने तो भरवसा धरता येत नव्हता, म्हणून तुळई पूर्ण भारासाठीच आखली गेली. सरकता पडदा ही काही नवी कल्पना नाही. ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये आखलेल्या फ्रँकफुर्ट स्वयंपाकघरात, जे जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचे होते, राहत्या खोलीकडे रुंद सरकते दार ठेवलेले होते. त्या स्वयंपाकघरावर पुढे अशी टीका झाली, की ते बाईला एकटे पाडते. आजच्या मालकीणबाईंची तक्रार जवळपास त्याच शब्दांत होती, हे नोंदवण्याजोगे आहे.

प्रकाशाचा प्रश्न भिंतीपासून वेगळा काढणे

भिंत काढली की उजेड येईल, हे मालकांचे गृहीतक कोणीही तपासलेले नव्हते. खिडकीतून येणारा उपयुक्त उजेड खोलीत साधारणपणे खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत पोहोचतो. बैठकीची खोली समोरून मागेपर्यंत ७.५ मीटर आणि समोरच्या खिडकीची वरची कड २.१ मीटरवर, म्हणजे पाच मीटरच्या पुढचा भाग अंधारा राहणारच. स्वयंपाकघराची मागची खिडकी लहान होती, तिच्यावर खोल छज्जा होता आणि बाहेर पत्र्याची पडवी टेकवलेली होती. ज्या खोलीतच उजेड नाही, तिची भिंत काढून दुसऱ्या खोलीला उजेड मिळणे शक्य नव्हते.

हे आकडे मालकांना पटले नाहीत. पटवले ते एका साध्या प्रयोगाने. स्वयंपाकघराचे दार बिजागऱ्यांतून काढले, पडवीचे पत्रे उतरवले आणि ढगाळ दिवशी दोन्ही खोल्या पाहिल्या. पत्रे उतरवण्याने पडलेला फरक दार काढण्याच्या फरकाहून उघडपणे अधिक होता. त्यानंतर कुटुंब काही काळ दाराशिवायच राहिले. आवाज किती येतो, वास कोठवर जातो, आईंची दुपारची झोप टिकते का, हे आराखड्यावर नव्हे तर राहून पाहता आले. सरकता पडदा हवाच, अशी मागणी शेवटी पतींनी स्वतः केली. आतापर्यंत भिंत काढण्याच्या बाजूचे सर्वांत मोठे मत त्यांचेच होते.

त्याच दिवसांत मोकळ्या ओट्याचा आकार फरशीवर चिकटपट्टीने आखला आणि पुठ्ठ्याची खोकी रचून उभा केला. दोन माणसे पाठीला पाठ लावून काम करू शकतील असे अंतर ठेवायचे, तर निदान १.२ मीटरची वाट लागते. ती ठेवल्यावर जेवणाच्या टेबलाला जागा उरत नव्हती. मालकीणबाईंनी ओटा सोडला. नाराजीने, पण स्वतः पाहून.

पृष्ठभागांविषयीचा वाद

येथे माघार वास्तुविशारदांना घ्यावी लागली. उघड्या विटांच्या भिंतीचा एक चौरस उकरून पाहिला असता आतल्या विटा मऊ, ओलीने झिजलेल्या आणि विजेच्या नळ्यांसाठी खाचा पाडलेल्या निघाल्या. ते वीटकाम दाखवण्यासाठी केलेलेच नव्हते. तरीही ते उघडे ठेवायचे म्हटले, तर धूळ अडवण्यासाठी त्यावर लेप द्यावा लागला असता, आणि त्या लेपाने ओल आतच कोंडली असती. सामग्रीशी प्रामाणिक राहण्याचा आग्रह धरणाऱ्याने सामग्रीचे म्हणणे ऐकायला हवे, असे माझे मत मी बैठकीत मांडले, आणि त्यांनी ते मान्य केले.

पांढऱ्या चकचकीत कपाटांना माझा आक्षेप नव्हता, वास्तुविशारदांचा होता. पुसायला सोपा आणि उजेड परतवणारा पृष्ठभाग अंधाऱ्या घरात हवासा वाटणे स्वाभाविक आहे. चकचकीत फरशीची गोष्ट वेगळी. आईंच्या कागदानंतर तळमजल्यावर आणि न्हाणीघरात घसरणरोधक, निदान आर-१० श्रेणीची खडबडीत फरशी घेण्याचे ठरले. न्हाणीघरात आधाराच्या दांड्या पेलतील असे बळकट टेकणही गिलावा करण्याआधी भिंतीत बसवले गेले.

प्रत्यक्ष काम

कामाचा क्रम बदलणे हा स्वतंत्र निर्णय होता. मालकांना दिसणारी कामे आधी हवी होती. ओल आणि वीज आधी, असे वास्तुविशारदांचे म्हणणे होते, आणि त्यांचेच बरोबर होते. मागच्या भिंतीच्या खालच्या मीटरभर भागातली ओल पायातून येत असावी असा सर्वांचा समज होता. पाहणीत आढळले, की वर्षानुवर्षे एकावर एक फरसबंदी घातल्याने बाहेरची जमीन आतल्या फरशीच्याही वर आली होती. बाहेरची पातळी खाली नेऊन निचऱ्याची सोय केली, सिमेंटचा जुना गिलावा आणि प्लास्टिकचा रंग खरवडला, आणि चुन्याचा गिलावा केला. ओली भिंत साधारणपणे महिन्याला २५ मिलिमीटर जाडीने सुकते असा ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने ही भिंत दोन्ही बाजूंनी सुकायला चार ते पाच महिने लागणार होते. एवढा काळ थांबणे मालकांना शक्य नव्हते. म्हणून तेथे सुरुवातीला फक्त चुन्याचा हात द्यावा, आणि कपाटे भिंतीपासून थोडी सुटी ठेवून मागे हवा खेळू द्यावी, असा तोडगा निघाला.

विजेच्या जोडणीत अनेक ठिकाणी अर्थिंगच नव्हते. सर्व तारा बदलल्या आणि ३० मिलिअँपिअर वीजगळती होताच तुटणारा सुरक्षा स्विच बसवला. या खर्चाचे छायाचित्र कोणाला दाखवता येत नाही, म्हणून तो मनाला सर्वाधिक लागतो.

वाट फोडताना दोन्ही बाजूंच्या स्लॅबखाली टेकू दिले. टेकूंखालची फरशी मातीच्या भरावावर असल्याने भार पसरवण्यासाठी जाड फळ्या घातल्या. तुळई आणि स्लॅब यांमधली फट न आकसणाऱ्या मसाल्याने ठासून भरली, आणि तो पुरता घट्ट होईपर्यंत टेकू हलवू दिले नाहीत. तुळई शक्य तितकी वर घेतल्याने वाटेची उंची २.४ मीटर मिळाली, आणि मागच्या खिडकीची वरची कड २.६ मीटरवर नेल्याने उजेड वाटेतून बैठकीच्या खोलीत उतरू लागला.

परिणाम

काम ठरल्याहून उशिरा संपले आणि खर्चही मर्यादेबाहेर गेला, मुख्यतः विजेच्या जोडणीमुळे. सुमारे वर्षभराने मी घर पुन्हा पाहिले. सरकता पडदा दिवसाचा बराच वेळ उघडा असतो, पण पतींच्या बैठका आणि आईंची दुपारची झोप या दोन वेळी न चुकता बंद होतो. ओटा आता वाटेकडे तोंड करून आहे आणि अभ्यासाचे टेबल तेथून दिसते. मागच्या भागात दिवसा दिवा लावावा लागत नाही. थोरल्या मुलाला हवा असलेला कोपरा मात्र मिळाला नाही. तो जिन्याखालच्या जागेत सुचवला होता आणि खर्च वाढल्यावर सर्वांत आधी तोच कापला गेला.

कपाटांच्या एका रांगेमागे कुबट वास येऊ लागला आहे. दिसायला नीटनेटके व्हावे म्हणून सुताराने खालची फट पट्टी ठोकून बंद केली होती.

मतभेद संपलेले नाहीत. भिंत पूर्ण गेली असती तर अधिक बरे झाले असते असे मालकीणबाईंना आजही वाटते, आणि त्या कपाटांमुळे खोली दवाखान्यासारखी दिसते असे वास्तुविशारदांना. परंतु दोघेही आता एकमेकांच्या निर्णयामागचे कारण सांगू शकतात, आणि वरच्या मजल्याचे काम त्याच वास्तुविशारदांकडे दिले गेले आहे.

वेगळे काय करता आले असते

इंजिनिअरची पाहणी पहिल्या आराखड्याच्या आधी व्हायला हवी होती. तिचा खर्च संपूर्ण कामाच्या तुलनेत नगण्य होता, आणि तिच्याअभावी वाया गेलेला काळ व कटुता दोन्ही टळली असती. पाच कागदांचेही तसेच: ते पहिल्या भेटीनंतर लगेच लिहून घेता आले असते.

वास्तुविशारदांचे मानधन कामाच्या खर्चाच्या टक्केवारीवर ठरले होते. ही पद्धत प्रचलित असली, तरी वाद सुरू झाल्यावर तिने संशयाला खतपाणी घातले: ओलीचे काम ते आग्रहाने का सुचवतात, असा प्रश्न पतींनी एकदा उघडपणे विचारला. ठरावीक रकमेचे मानधन असते तर तो प्रश्न उद्भवला नसता. अनपेक्षित खर्चासाठी दहा टक्के राखून ठेवले होते. ज्या घराच्या भिंतींच्या आत काय आहे हे कोणालाच माहीत नाही, तेथे पंधरा ते वीस टक्क्यांची तरतूद अधिक वास्तववादी ठरली असती.

ठेकेदाराला मालकांनी जागेवर तोंडी दिलेल्या सूचनांमुळे दोन ठिकाणचे विजेचे बोर्ड पुन्हा फोडून हलवावे लागले. बदल कितीही लहान असला तरी तो लिहून, वास्तुविशारदांमार्फतच जावा, असा नियम करारात होता. तो पाळला जाईल याची जबाबदारी मात्र कोणावरच टाकलेली नव्हती. कपाटांमागच्या फटीबाबत तर सुताराला आराखड्याचा उभा छेदच मिळाला नव्हता, फक्त समोरून दिसणारे चित्र मिळाले होते, आणि त्या चित्रात फट दिसत नव्हती.